मूत्रपिंडातील गाठ काढण्याआधी तिची ओळख पटावी

संपादक महोदय,

पोटदुखी किंवा मुतखड्यासाठी सोनोग्राफी करायला जावे आणि मूत्रपिंडावर भलतीच लहानशी गाठ दिसावी, असे आता वरचेवर घडते. सीटी स्कॅनमध्ये गाठीचा आकार आणि रक्तपुरवठा कळतो. पण ती कर्करोगाची आहे की निरुपद्रवी, हे पुष्कळदा त्यावरून ठामपणे सांगता येत नाही. चार सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींपैकी सुमारे २० टक्के गाठी काढून तपासल्यावर साध्या निघतात. माझ्या नात्यातील एका मधुमेही गृहस्थांचे मूत्रपिंड काढल्यानंतर अहवाल आला, की ती ऑन्कोसायटोमा, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ होती. शल्यविशारदांना मी दोष देत नाही, कारण त्यांच्यापुढील प्रतिमांवरून हा भेद करणेच कठीण होते.

गोव्यापुरता हा प्रश्न अधिक गंभीर आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत देशातील मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. गोव्याच्या काणकोण तालुक्यातील मूत्रपिंडविकारग्रस्तांची व्यथाही आपल्या वाचकांना नवी नाही. ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत, त्यांना सीटी स्कॅनसाठी शिरेतून देण्याचे आयोडीनयुक्त द्रव्यही जपूनच द्यावे लागते आणि साध्या गाठीपायी मूत्रपिंड गमावणे तर त्यांना मुळीच परवडणारे नाही.

गाठीच्या आकाराऐवजी तिच्या पेशींचा स्वभाव दाखवणारे रेणवीय प्रतिमांकन येथे उपयोगी पडते. किरणोत्सारी द्रव्य शरीरात सोडून ते कोठे साठते हे टिपणाऱ्या नेहमीच्या पेट स्कॅनमधील किरणोत्सारी साखर लघवीवाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडच उजळून निघते आणि गाठ झाकली जाते. म्हणून संशोधकांनी वेगळी वाट धरली. मूत्रपिंडाच्या कर्करोगांत सर्वाधिक आढळणाऱ्या ‘क्लिअर सेल’ प्रकारात व्हीएचएल हे जनुक बहुधा निकामी झालेले असते. त्यामुळे प्राणवायू पुरेसा असूनही पेशी तो कमी पडल्यासारख्या वागतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर सीए-९ हे प्रथिन मोठ्या प्रमाणात येते. या प्रथिनाला चिकटणाऱ्या गिरेंटुक्सिमॅब या प्रतिपिंडाला झिर्कोनियम-८९ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडून काही दिवसांनी पेट स्कॅन केला, की कर्करोगाची गाठ उठून दिसते. हे प्रतिपिंड मुख्यतः यकृतावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडाचा अडथळा येत नाही. ‘झिरकॉन’ या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या तपासणीची संवेदनशीलता (क्लिअर सेल कर्करोग असताना तो ओळखण्याचे प्रमाण) ८५.५ टक्के आणि विशिष्टता (तो नसताना नाही असे सांगण्याचे प्रमाण) ८७ टक्के ठरली. मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये निर्मितीविषयक त्रुटींवर बोट ठेवून परवानगी रोखली, त्यामुळे ही तपासणी लगेच आपल्या दारी येईल अशी आशा कोणी रुग्णाला दाखवू नये.

दुसरी तपासणी मात्र आवाक्यातील आहे. हृदयाच्या स्कॅनसाठी वर्षानुवर्षे वापरले जाणारे टेक्नेशियम-सेस्टामिबी हे किरणोत्सारी द्रव्य मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे पेशीतील ऊर्जाकेंद्रांनी, गच्च भरलेल्या ऑन्कोसायटोमाच्या पेशींत साठते, तर क्लिअर सेल कर्करोगात सहसा साठत नाही. क्रोमोफोब या मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या आणखी एका प्रकारातील काही गाठीही ते शोषून घेतात, म्हणून एवढ्यावरच अंतिम निर्णय घेता येणार नाही, गरजेप्रमाणे बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी, करावीच लागेल. तरीही ज्या इस्पितळात शरीरातील किरणोत्सारी द्रव्य टिपणारा गॅमा कॅमेरा आणि सीटीची जोड आहे, तेथे यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही, ही मला मोठी जमेची बाजू वाटते.

माझी आरोग्य खात्याला विनंती आहे, की गोमेकॉतील (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील) मूत्ररोग, क्ष-किरण आणि कर्करोग विभागांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून लहान गाठींच्या रुग्णांसाठी सेस्टामिबी स्कॅनचे निकष ठरवावेत. ही सोय राज्याबाहेर करून घ्यावी लागली, तर तिचा खर्च राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेतून मिळेल, असा स्पष्ट आदेश काढावा. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी गाठ साधी असण्याची शक्यता किती, बायोप्सी करता येईल का आणि मूत्रपिंडाचा केवळ गाठीपुरता भाग काढून भागेल का, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणे बंधनकारक करावे. यांपैकी शेवटच्या गोष्टीला तर कोणत्याही निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक, फोंडा