मूठ फोडायला लावलीत, त्याबद्दल

प्रिय काका,

नाव लिहिलंस तर कानस फेकून मारीन, असं तुम्ही बजावलं आहे. म्हणून नुसतं 'काका'. ज्यांनी कधी तुमच्याकडून एखादं हत्यार उसनं नेलं असेल, त्यांना बरोबर कळेल.

आभार मानायचे ते सगळ्यात आधी त्या दुपारचे. आईच्या सुरीची जुनी मूठ तडकली होती. पातं मात्र उत्तम होतं, झिजून जरा अरुंद झालेलं, आणि पोलादाची पट्टी मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेली. दोन बाजूंना दोन लाकडं चिकटवायची, आरपार पिना ठोकायच्या, संपलं, या हिशेबाने मी एका रविवारात नवी मूठ बसवली. गोल, गुळगुळीत, वर चकचकीत वॉर्निश. ती मिरवतच तुमच्याकडे आले होते.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. धारेवर चिकटपट्टीचे जाड वेढे दिलेत, मला डोळे मिटायला सांगितलंत, सुरी हातात दिलीत आणि विचारलंत, "धार कुठल्या बाजूला आहे?" मी सांगितलं ते चुकलं. सुरी फिरवून पुन्हा दिलीत, पुन्हा चुकलं. "गोल मूठ लाटण्याला चालते गं," इतकंच म्हणालात. मग छिन्नी आणि हातोडी माझ्यापुढे सरकवलीत. पिना मागून ठोकून काढल्यावर छिन्नीच्या एका टोल्यात दोन्ही लाकडं निघाली. पोलादावर गोंदाचा कणसुद्धा उरला नव्हता. मला रडू येत होतं आणि तुम्ही ते लाकूड उलटून मला कारणं दाखवत होतात. पोलादाची पट्टी मी घासून खरबरीत केलीच नव्हती, त्यावर बोटांचं तेल लागलेलं होतं, पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून करायचा गोंद, वापरलं होतं आणि क्लॅम्प, म्हणजे लाकडं दाबून धरणारे शिकंजे, इतके आवळले होते की होतं नव्हतं तेवढं इपॉक्सी बाहेर पिळून निघालं होतं.

तेव्हा मला तुमचा राग आला होता. आता कबूल करायला हरकत नाही.

पुढचं मात्र मला सुचलंच नसतं. आईच्या बोटांचे सांधे सुजतात, मूठ आवळून धरता येत नाही, हे मी सहज बोलून गेले होते. तुम्ही मळलेल्या मातीचा गोळा दिलात आणि म्हणालात, "तिला सुरी धरल्यासारखा धरू दे, मग जपून आण." बोटांचे खळगे उमटलेला तो गोळा तुम्ही व्हर्नियरने मोजलात. जुनी मूठ १५ मिमी जाड होती, माती २३ मिमी भरली. जाड मुठीला आवळायला जोर कमी लागतो, हे एकदा कळल्यावर अगदी साधं वाटतं. पोलाद २ मिमी, म्हणून प्रत्येक बाजूला १२ मिमीचं लाकूड घ्यायचं आणि उतरवत आणायचं. आडव्या छेदात मूठ अंड्यासारखी, म्हणजे न बघताही हाताला धार कळेल. बाजारी मुठी सगळ्या हातांना थोड्याथोड्या बसतात. ही एकाच हाताची.

शिसवीचा वाळलेला ठोकळा तुमचाच. तो मधोमध उभा चिरून पुस्तकासारखा उघडला तेव्हा दोन्ही बाजूंना एकच नक्षी समोरासमोर आली. सुंदर पिनांचं लोक फार कौतुक करतात, मला विचाराल तर खरी शोभा या चिरण्यात आहे. भोकांच्या वेळी तुम्ही पाठीमागे हात बांधून उभे होतात. पोलादातल्या भोकातूनच लाकूड पाडायचं, पहिलं भोक झालं की त्यात पिन घालून ठेवायची आणि मगच दुसरं, म्हणजे काही सरकत नाही. खाली टाकाऊ फळी, नाहीतर पलीकडून लाकूड उचकटतं. आणि पिन भोकात बोटाने ढकलून गेली पाहिजे, ठोकावी लागली तर एक दिवस लाकूड तडकणार. माझ्या पहिल्या मुठीत मी दणादण ठोकल्या होत्या.

इपॉक्सी कालवायला घेतलं तेव्हा तुम्ही माझा हात अडवलात. एवढ्या सगळ्यात एकदाच. पात्याकडची पुढची टोकं चिकटवण्याआधीच घासून, पॉलिश करून घ्यायची, कारण एकदा मूठ बसली की तिथे घासायचा कागद फिरवताना पात्यावर ओरखडे येणारच. त्या दोन बोटभर कडांवर माझा अख्खा तास गेला. नंतर दोन्ही लाकडांच्या आतल्या बाजू खरबरीत करून ॲसिटोनने पुसल्या, कारण शिसवीत स्वतःचं तेल असतं आणि ते गोंदाला धरू देत नाही. क्लॅम्प फक्त फटी मिटेपर्यंत. बाहेर आलेलं इपॉक्सी ओलं असतानाच पुसून घेतलं. मग तुमचं आवडतं वाक्य: "आता उद्या ये." सावकाश घट्ट होणाऱ्या इपॉक्सीला २४ तास द्यायचे म्हणजे द्यायचे. मी संध्याकाळी येऊन बघितलं होतं, हे तुम्हाला माहीत नाही. किंवा असेल.

कानस, मग ८० नंबरचा कागद, १२०, २२०, ४००. घासायच्या कागदाचा पट्टा फिरवणाऱ्या सँडर यंत्रावर मी घाई केली तेव्हा पिनेला बोट लावून बघायला सांगितलंत. चटका बसला. धातू तापला की आतलं इपॉक्सी मऊ पडतं आणि आदल्या दिवशीची सगळी मेहनत वाया. उरलेलं हातानेच घासलं. तुमचा तो जुना मास्क नाकावर नसता तर शिसवीच्या भुशाने महिनाभर शिंकले असते.

शेवटी जवसाचं तेल, तीन पातळ हात. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तेव्हा तुम्ही चिडलात, तसं चिडताना मी तुम्हाला पहिल्यांदाच पाहिलं. त्या आपोआप पेट घेऊ शकतात हे ऐकून मला खोटं वाटलं होतं. आता मी त्या पाण्यात बुडवूनच टाकते.

आईने सुरी हातात घेतली आणि दोन बोटं आपसूक त्याच खळग्यांत गेली. ती काही बोलली नाही, फक्त चिरत राहिली. जुनी मूठ होती तेव्हा ती मधे थांबून बोटं झटकायची, ते त्या दिवशी झालं नाही.

उजव्या बाजूला मागच्या पिनेपाशी केसाएवढी फट राहिली आहे. तुम्ही ती बघितलीत आणि गप्प राहिलात, तेही माझ्या लक्षात आलं.

तुमची कानस अजून माझ्याकडेच आहे. तारेच्या ब्रशने दातातला भुसा काढून ठेवली आहे. शनिवारी आणते. येताना आईची दुसरी, लहान सुरीही आणीन, तिचीही मूठ हलायला लागली आहे.

तुमची,
चिंध्यांचा बोळा करणारी