दुसऱ्या फळीला अधिकारही द्या

महोदय,

बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यांत व्यवस्थापक रजेवर गेला की काम अडते. साधे बेअरिंग बदलायचे तरी त्याच्या फोनची वाट! जबाबदारी सुपरवायझरची, सही मात्र साहेबांची. आधी एकच काम पूर्ण सोपवा. समजा, एका उत्पादन लाइनची देखभाल. पाच हजारांपर्यंतच्या खरेदीची मुभा लेखी द्या आणि ती सगळ्या पाळीसमोर जाहीर करा. नेमके हेच राहून जाते. मग कामगार परस्पर साहेबांकडे आला, तर त्याला सुपरवायझरकडेच परत पाठवावे. साहेबांनी तिथल्या तिथे निर्णय दिला, की सुपरवायझरला कोणी जुमानत नाही. आढावा आठवड्यातून एकदा, अर्धा तास पुरे. तीन महिन्यांनी दुसरे काम द्या.

– एक उत्पादन व्यवस्थापक, नागपूर