‘सॅलरी’तले मीठ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात मुलांच्या पानावर ‘सॅलरी’ या इंग्रजी शब्दाची जन्मकथा सांगताना, रोमन सैनिकांना पगारादाखल मीठ मिळत असे, असे छापून आले आहे. हीच गोष्ट मीही कितीतरी वर्षे वर्गात सांगितली आहे, म्हणूनच ती दुरुस्त व्हावी असे मनापासून वाटते.

हा शब्द लॅटिन ‘सालारियम’वरून आला आणि त्याच्या मुळाशी ‘साल’ म्हणजे मीठ आहे, इथपर्यंत सारे बरोबर आहे. सॅलड, सॉस, सॉसेज हे शब्दही त्याच मिठातून निघाले. मात्र इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेला रोमन लेखक थोरला प्लिनी, आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या ३१व्या खंडात मिठाची थोरवी सांगताना, ‘सालारियम’ हे नाव मिठावरून पडले एवढेच म्हणतो. शिपायांच्या पदरात मीठ मोजून घातले जाई, असे तो कुठेही म्हणत नाही. शिपायाच्या पगाराला शब्दच वेगळा होता, ‘स्टिपेंडियम’, आणि सम्राट ऑगस्टसच्या काळात तो वर्षाला २२५ देनारियस, म्हणजे चांदीची नाणी, असा ठरलेला होता. आजच्या इस्रायलमधल्या मसादा किल्ल्यावर एका रोमन शिपायाच्या हिशेबाचा कागद सापडला आहे. त्यात जमा ५० देनारियस आणि खाली कापून घेतलेल्या रकमा आहेत : खाण्याचे २०, बुटांचे ५, लिननच्या अंगरख्याचे ७, शिवाय जवाचे वेगळे. मीठ पगार म्हणून दिल्याची नोंद त्यात नाही.

खाल्ल्या मिठाला जागणे ज्या भाषेत रोजचे आहे, तिथे ही कथा चटकन पटावी यात नवल नाही. पण मुलांना सांगण्याजोगी खरी गोष्ट आपल्या ‘पगार’ या शब्दातच आहे. तो पोर्तुगीज ‘पागार’वरून, म्हणजे पैसे चुकते करणे या क्रियापदावरून, मराठीत आला. त्याचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. घेणेकऱ्याचे देणे फेडले की तो शांत होतो, असा त्या अर्थाचा प्रवास आहे. इंग्रजीतला ‘पे’ फ्रेंचमार्गे त्याच धातूपासून आला, तेव्हा ‘पे’ आणि ‘पगार’ ही सख्खी चुलत भावंडे ठरतात. मुलांच्या पानावर दुरुस्ती छापताना हेही त्यांना सांगावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा