पाडव्याच्या आदल्या रात्रीची मॅच

इंडियानापोलिस,
शनिवार, 13 एप्रिल 2024

प्रिय संतोष,

पाडव्याच्या सकाळी तुझा फोन आला तेव्हा इथं रात्रीचे बारा वाजायला आले होते, माझ्या कॉलेजचा, पर्ड्यूचा, बास्केटबॉल संघ फायनल हरल्यात जमा होता आणि मला धड बोलता येत नव्हतं. "अरे, कॉलेज सोडून चार वर्षं झाली तुला. पोरं खेळली, हरली. तुला एवढं कशाला लागतंय?" असं तू विचारलंस. मी नंतर बोलतो म्हणून फोन ठेवला, पण तेव्हापासून तुझा प्रश्न काही डोक्यातून जाईना. आज सुट्टी आहे, म्हणून सगळं नीट लिहायला बसलोय.

आधी कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आठव, आपल्या फुटबॉलचं. तू पाटाकडील तालमीचा, मी शिवाजी मंडळाचा. मॅचच्या दिवशी आपण समोरासमोरच्या बाजूंना बसायचो आणि संध्याकाळी रंकाळ्यावर एकाच कागदातली भेळ खायचो. एकदा पाटाकडील हरलं तेव्हा तू भेळेला हातसुद्धा लावला नव्हतास. तेव्हा मी तुला काही विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं काही नव्हतंच. ज्याची पेठ, त्याची तालीम.

2018 च्या ऑगस्टमध्ये मी पर्ड्यू विद्यापीठात शिकायला अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, वेस्ट लाफायेटला उतरलो तेव्हा "कुठल्या पेठेतला?" असं विचारणारं इथं कुणी नव्हतं. डिसेंबरात मी एका छोट्या गावातल्या पेट्रोल पंपावर थांबलो होतो, बाहेर बर्फ पडत होतं. काउंटरपाशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं माझी काळी-सोनेरी टोपी बघितली आणि म्हणाला, "बॉयलर अप!" पर्ड्यूच्या माणसानं यावर "हॅमर डाउन" म्हणायचं असतं, हे मला तोवर ठाऊक झालं होतं. मी म्हणालो. त्यानं मान हलवली, कॉफी घेतली आणि गेला. चार महिन्यांत पहिल्यांदाच अनोळखी माणसानं मला आपलं धरलं होतं. गाडीत बसल्यावर माझे डोळे भरून आले.

इंडियाना म्हणजे बास्केटबॉलचं कोल्हापूर. शेतातल्या गोठ्यांच्या भिंतींवरसुद्धा रिंग ठोकलेली दिसते. न्यू कॅसल नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या शाळेच्या बंदिस्त मैदानात आठ हजारांवर माणसं बसतात. शाळेच्या! आमच्या संघातला मेसन गिलिस त्याच गावचा. ब्रेडन स्मिथ वेस्टफील्डचा, म्हणजे माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. बाहेरून विकत आणलेला संघ नाही हा, बरीचशी आसपासच्या गावांतली पोरं आहेत, आणि ती तीन-तीन, चार-चार वर्षं एकाच कोचच्या हाताखाली थांबतात.

आता मार्चचं सांगतो. देशभरातून कॉलेजांचे 68 संघ निवडतात, चार विभाग करतात, प्रत्येक विभागात 1 ते 16 अशी मानांकनं. सगळी बाद फेरी. एक मॅच हरलास की हंगाम संपला. नोव्हेंबरपासून तीस-पस्तीस मॅच खेळून मिळवलेलं सगळं चाळीस मिनिटांत जाऊ शकतं. ऑफिसातली ज्यांनी कधी चेंडू हातात धरलेला नाही तीही माणसं तक्ता भरतात, कोण कुणाला हरवणार याचा. मीही भरतो, आणि दरवर्षी शेवटच्या चौकटीत पर्ड्यूच लिहितो.

पहिल्याच वर्षी, 2019 मध्ये, आम्ही फायनल फोरच्या, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या, दारात उभे होतो. कार्सन एडवर्ड्सनं एकट्यानं 42 पॉइंट केले. सहाएक सेकंद उरले होते, व्हर्जिनियाचा फ्री थ्रो चुकला, चेंडू उलट्या दिशेला लांब गेला, त्यांच्या पोरानं तो पळत जाऊन पकडला, लांबून फेकला आणि वेळ संपता संपता बरोबरी झाली. जादा वेळेत 80-75 नं हरलो. 2021 ला तेराव्या मानांकनाच्या संघाकडून हरलो, 2022 ला पंधराव्या. ती दुखणी उगाळत बसत नाही.

पण 17 मार्च 2023 सांगायलाच पाहिजे. आम्हाला पहिलं मानांकन, समोर सोळावं, फेअरली डिकिन्सन. देशातल्या साडेतीनशेच्या वर संघांत उंचीनं सगळ्यात बुटका संघ. आमच्याकडं झॅक इडी, सात फूट चार इंच, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू. तोवर पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्यानं पहिल्याला एकदाच हरवलं होतं, 2018 मध्ये. मी मिसळ केली होती, दोन मित्र बोलावले होते. ती बुटकी पोरं इडीच्या पुढं-मागं चिकटून उभी राहिली, त्याच्यापर्यंत चेंडू पोचूच देईनात, आणि आमच्या बाकीच्यांनी लांबून मारलेले 26 पैकी फक्त 5 पडले. 63-58. टीव्ही बंद केला तेव्हा पाव वातड झाले होते आणि कटाचं पातेलं तसंच भरलेलं होतं. तिघांपैकी कुणीच बोललं नाही. एका मित्रानं जाताना पायात बूट घालायला पाच मिनिटं लावली, हे मला अजून दिसतं.

त्यानंतरचं वर्ष अवघड गेलं. दुसऱ्या कॉलेजची माणसं भेटली की तेच टोमणे. पण खरी गोष्ट इथूनच सुरू होते, संत्या. इडीनं व्यावसायिक खेळाडूंच्या निवडीसाठी नाव दिलं होतं, ते मागं घेतलं आणि परत आला. स्मिथ, लॉयर, गिलिस परत आले. ज्या पोरांना देशभर हसले होते, तीच पोरं त्याच जर्सीत नोव्हेंबरात उभी राहिली. कोच मॅट पेंटर पत्रकारांसमोर त्या हरण्याबद्दल बोलायला एकदाही लाजले नाहीत. मला त्या माणसाचा त्या दिवसापासून फार आदर वाटतो.

आणि यंदा 22 मार्चला पहिली मॅच आमच्याच गावात, माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. परत पहिलं मानांकन, परत समोर सोळावं. लुइझियानातलं ग्रॅम्ब्लिंग स्टेट, पहिल्यांदाच या स्पर्धेत आलेलं. मी तिकीट काढलं होतं. स्टेडियमभर काळे-सोनेरी कपडे, हजारो माणसं, पण मॅच सुरू होताना जो आवाज यायला पाहिजे तो येत नव्हता. सगळ्यांना गेल्या वर्षीची रात्र आठवत होती. शेजारी साठीच्या एक बाई होत्या, हातातला सोनेरी रुमाल पिळून पिळून त्याची दोरी केली होती. मध्यंतरानंतर आम्ही पंधराच्या पुढं गेलो तेव्हा त्यांनी रुमाल उलगडला, मांडीवर हातानं सरळ केला आणि मला म्हणाल्या, "आता श्वास घे बाळा." इडीचे 30 पॉइंट, 21 रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेले 21 चेंडू त्यानं पकडले. 78-50 नं जिंकलो. माणसं ओरडली नाहीत आधी, नुसता एक मोठा सुस्कारा ऐकू आला सगळ्या स्टेडियममधून.

मग यूटा स्टेट, मग गोंझागा, आणि ईस्टरच्या रविवारी डेट्रॉइटला टेनेसी. त्यांच्या डाल्टन नेक्टनं 37 केले, आमच्या इडीनं 40. शेवटच्या मिनिटात नेक्ट रिंगकडं घुसला आणि इडीनं तो चेंडू वरच्या वर अडवला. 72-66. 1980 नंतर पहिल्यांदा पर्ड्यू फायनल फोरला. जुने कोच जीन कीडी 25 वर्षं इथं होते, दोनदा दारापर्यंत गेले, आत कधी जाता आलं नाही. पेंटर त्यांचेच शिष्य. गुरूचं राहिलेलं शिष्यानं केलं.

सोमवार, 8 एप्रिल. तुमच्याकडं सोमवती अमावास्या, आमच्याकडं खग्रास सूर्यग्रहण, नेमकं इंडियानापोलिसवरून जाणारं. दुपारी तीन वाजून गेल्यावर अंधार झाला. आम्ही सगळे ऑफिसच्या गच्चीवर. रस्त्यावरचे दिवे लागले, गार वारा सुटला, आणि सूर्याच्या जागी काळं वर्तुळ नि भोवती सोनेरी कडं. गच्चीवर कुणीतरी ओरडलं, "बॉयलर अप!" चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा आर्मस्ट्राँग पर्ड्यूचा, शेवटचा निघालेला सर्ननही पर्ड्यूचा. त्या दिवशी आम्हाला आकाशसुद्धा आमचंच वाटत होतं, आणि तसं वाटण्यात काही चूक आहे असं मला आजही वाटत नाही.

उपांत्य मॅच जिंकून आम्ही फायनलला पोचलो होतो, ती त्याच रात्री. समोर कनेटिकट. गेल्या वर्षीचे विजेते. त्यांनी फार शहाणी गोष्ट केली. इडीला एका माणसावर सोडून दिला, करू दे किती करतो ते, आणि बाकी चौघांना लांबून मोकळा चेंडू मिळूच दिला नाही. जो संघ वर्षभर लांबून तीन-तीन पॉइंटचा पाऊस पाडत होता, त्याला अख्ख्या फायनलमध्ये असे फक्त सातच चेंडू मारायला मिळाले, एक पडला. इडीनं 37 केले आणि तरी आम्ही 75-60 नं हरलो. मध्यंतराला सहाच पॉइंटचा फरक होता. मी तेव्हा उठून देवापुढं दिवा लावला, खोटं कशाला सांगू.

शेवटी पेंटरनी इडीला बाहेर बोलावलं. तो सात फूट चार इंचाचा पोरगा बाकावर बसला आणि डोक्यावर टॉवेल घेतला. तेवढ्यात तुझा फोन आला. तुझ्याकडं मागं काकूंचा आवाज येत होता, गुढीला कडुनिंबाची डहाळी बांध म्हणून.

तर लागलं ते हरण्यानं नव्हतं. 2023 ला हरलो तेव्हा राग होता, शरम होती. या वेळी ती पोरं परत कधी एकत्र दिसणार नाहीत, याचं रडू येत होतं. इडीचं हे शेवटचं वर्ष. पाच महिने आठवड्यातून दोनदा ती घरात आली होती. जो पोरगा नववीपर्यंत बास्केटबॉल खेळतच नव्हता, त्याला मी डोळ्यांदेखत मोठा होताना बघितलं.

मंगळवारी सकाळी मीही बाल्कनीत गुढी उभी केली. आईनं पाठवलेला जरीचा खण, वर तांब्या. खालच्या मजल्यावरचे आजोबा पर्ड्यूचेच, वर बघून विचारलं, हे काय? सांगितलं, आमचं नवीन वर्ष. म्हणाले, "बरं झालं, कालच जुनं संपलं."

आता कामाचं. 2026 ची फायनल फोर इंडियानापोलिसला आहे. स्मिथ आणि लॉयर राहिले तर तेव्हा चौथ्या वर्षाला असतील. व्हिसाच्या तारखा किती लांबच्या मिळतात तुला माहीत आहे, तेव्हा अर्ज आत्ताच कर. पाटाकडीलची जर्सी घेऊन ये, काळी-सोनेरी टोपी मी देतो. काकूंना नमस्कार सांग, आणि यंदाचा चटणीचा मसाला कुणाबरोबर पाठवतोस ते कळव.

तुझाच,
विनू