आरतीतला आवाज

पुणे

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

चवथीहून परतून पंधरा दिवस झाले. आपल्या घरात आरतीचा पहिला सूर नेहमी आईचा. यंदा तो घोगरा निघाला आणि दुसऱ्या कडव्याला ती गप्पच झाली. बाबांनी घुमट वाजवून वेळ निभावली, पण माझं लक्ष आरतीत राहिलं नाही.

आई, मग मी तुझ्यावर नजर ठेवून होते. आम्ही सगळे घामाघूम, आणि तू पंखा बंद करायला सांगत होतीस. गणपतीवरची फळांची माटोळी बाबांनी बांधली, तू खाली बसून नुसती फळं हातात देत होतीस. सकाळी डोळ्यांखाली सूज, टाचांना भेगा, रोज रात्री इसबगोल, आणि जेवण चिमणीएवढं असून अंग वाढलेलं. विचारलं की एकच उत्तर, "वय झालं गो."

एकेक वेगळं घेतलं तर वयाचंच वाटतं खरं. पण सगळं एका ताटात मांडलं की थायरॉईडचा संशय घ्यावाच लागतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी ती ग्रंथी असते. तिचं काम मंदावलं की सगळ्या शरीराची चूलच मंद होते. थंडी वाजते, आतडी सुस्तावतात, आवाज जड होतो, विसरायला होतं, मन उदास राहतं. कोलेस्टेरॉलसुद्धा चढतं. गेल्या वर्षी तुझं चढलं, तेव्हा आपण बिचाऱ्या नारळाला दोष दिला होता.

आता सांगायचं टाळत आले ते सांगते. धाकटीच्या वेळी गरोदरपणातच माझा थायरॉईड मंद निघाला. तेव्हापासून रोज पहाटे गोळी घेते. तुला कळवलं नाही, कारण तू लगेच उपास धरले असतेस. चुकलंच माझं. हा आजार घराण्यात फिरतो, म्हणजे माझी गोळी हा तुझ्यासाठीही इशारा होता. दोडामार्गच्या मावशीचा गळा फुगलेला होता, तोही आपण "तिची ठेवणच तशी" म्हणून सोडून दिला. त्यात हा त्रास बायकांना पुरुषांहून कितीतरी जास्त, साठीनंतर आणखी. आणि तुझ्या कोपरावरचं कोड! शरीर आपल्याच पेशींवर उलटलं की कोड येऊ शकतं, आणि थायरॉईड मंदावण्यामागेही बहुतेक वेळा तेच असतं. १९१२ साली हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी ग्रंथीच्या या आजाराचं पहिलं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव त्याला पडलं.

या ग्रंथीला आयोडीन लागतं, म्हणून आगरवाड्याचं खडे मीठ कैऱ्या खारवायला ठेव, रोजच्या हुमणात मात्र आयोडीनचं घाल. पण नुसत्या मिठाने हे बरं होईल अशी समजूत नको. जास्तीचं आयोडीनही ग्रंथीला सोसत नाही.

बाबा, तुम्ही गालात हसू नका. तुमच्या हृदयाच्या ठोक्यांसाठी चालू असलेल्या अमिओडॅरोनच्या गोळीत भरपूर आयोडीन असतं. तिने थायरॉईड मंद होऊ शकतो, नाहीतर उलट भडकूही शकतो. म्हणून ती घेणाऱ्यांनी साधारण दर सहा महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडचा रक्तातला आकडा, बघायचा असतो. तुमचा शेवटचा कधी झाला? तुमचा कमरपट्टा दोन भोकं आत गेलेला मी पाहिलाय. उतारवयात भडकलेला थायरॉईड कधी कधी एवढाच दिसतो, वजन उतरणं आणि छातीत धडधड. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका हं.

तपासणी एका रक्ताची. उपाशीपोटी जावंच लागतं असं नाही, पण आईला ते पटणार नाही, तेव्हा जाऊ दे. आई, केसांसाठी घेतेस त्या बायोटिनच्या गोळ्या आधी दोन दिवस थांबव, त्यांनी आकडा चुकतो. वयाबरोबर टीएसएच थोडा वर सरकतोच, त्यामुळे जरासा वाढला म्हणून लगेच गोळी लागेलच असं नाही. डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतील. लागलीच, तर तुझ्या वयात थोड्या मात्रेने सुरू करतात. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी. चहाचं तेवढं तुला जड जाणार, मला अजून जातं.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते. शनिवारी म्हापशाला तिघंही रक्त देऊ, माझीही तपासणी राहिलीच आहे.

तुमची,
बाय