खर्डा मुरू द्या

मा. संपादक,

दिवाळी अंकासाठी कथा लिहिणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. पहिला खर्डा संपताच दुरुस्तीला बसलं, की लेखक कागदावरचं नव्हे, डोक्यातलं वाचतो. गाळलेले दुवे दिसतच नाहीत. खर्डा निदान ४ आठवडे बंद ठेवावा, मग छापील प्रत मोठ्याने वाचावी. जीभ अडखळते तिथे बहुधा संवाद खोटा असतो. मधल्या काळात हात गुंतवणारा छंद बरा, वह्या शिवणं किंवा कुंड्यांची माती बदलणं. (दुसऱ्यांच्या कथा वाचण्यात धोका आहे, त्यांची लय नकळत उतरते.) शंका येतीलच; त्या वेगळ्या वहीत टिपाव्यात, खर्ड्याला हात लावू नये. आणि संपादकांनो, जुलैअखेर मजकूर हवा असेल तर पत्र मार्चमध्येच धाडा.

– एक वाचक, सातारा