अण्णांच्या पायासाठी धावून आलेल्या सर्वांचे आभार

गेल्या आषाढीत अण्णा माउलींच्या पालखीबरोबर चालत होते. अठरा वर्षांची साखर, तरी वारी चुकवायची नाही. दिवेघाट चढून सासवडला आले, तेव्हा औषधोपचाराच्या तंबूतल्या एका ताईंनी त्यांना हटकलं, "माउली, मोजा ओला दिसतोय." मोजा काढला तर अंगठ्याखाली फोड फुटलेला, आणि बुटात हरभऱ्याएवढा खडा. अण्णांना काहीच कळलं नव्हतं. साखरेमुळे पायाची जाणीवच गेली होती.

त्या ताईंनी जखम सलाईनच्या पाण्याने धुतली, पायाला चुरचुरणारं काही लावू दिलं नाही आणि "आता पायी एक पाऊलसुद्धा नाही" असं बजावून गाडीत बसवलं. अण्णा रडले. त्यांचा हात धरून बसलेला वारकरी कोण होता, आम्हाला आजही माहीत नाही.

पुढे चौदा आठवडे ड्रेसिंग चाललं. जखमेवरचा भार काढला नाही तर कितीही मलम लावा, ती भरत नाही, हे सिस्टरांनी न कंटाळता समजावलं. कडेची कडक कातडी डॉक्टर दर आठवड्याला काढत. एमसीआरची (पायावरचा दाब कमी करणाऱ्या मऊ रबराची) चप्पल शिवणाऱ्या दादांनी तर तीनदा माप घेतलं आणि शेवटच्या जोडाचे पैसेच घेतले नाहीत.

आता रोज रात्री आई आरसा धरते, अण्णा तळवे बघतात, बोटांची बेचकी कोरडी करतात. बूट घालण्याआधी आत हात फिरवतात.

अंगठा शाबूत आहे. ताई, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. मनापासून आभार!